बाजार पडला त्या दिवशी

आमच्या घरी सरकार चांगलं की वाईट, हे शेअर बाजार उघडल्यावर ठरायचं. पोस्टातून निवृत्त झालेले बाबा सकाळीच टीव्हीसमोर ठाण मांडत. आकडे हिरवे असले की देश योग्य हातांत असे. लाल झाले की तेच हात नालायक ठरत. दुपारपर्यंत निम्मं मंत्रिमंडळ त्यांनी घरी बसवलेलं असे.

दादा मात्र बारा महिने सरकारच्या विरोधात. निवडणुकीच्या वेळी दोघांची जुंपली. तेव्हा बाजार तेजीत होता, त्यामुळे बाबाही फॉर्मात होते. माझ्या घरात राहून असलं बोलायचं नाही, म्हणाले. दादा बॅग भरून निघून गेला. लिफ्ट दुरुस्त करतो तो. कामाच्या बाजूलाच खोली घेतली. आठ महिने झाले तरी दोघंही हटेनात.

शेवटी आईने शक्कल लढवली. बाजार चांगला वर गेला, बाबा खुशीत आले, की दादाला बोलवायची गोष्ट काढायची. तिला शेअरमधलं ओ की ठो कळत नाही. स्वयंपाकघरातून मला हळूच विचारायची, "हिरवं आहे का गं?" मी नाही म्हटलं की मुकाट्याने भांडी घासायला लागायची. मला तिची दया यायची आणि त्या दोघा हट्टी पुरुषांचा संताप.

मग एका मंगळवारी बाजार असा कोसळला की बाबांनी टीव्हीचा आवाजच बंद केला. सरकारला शिव्यासुद्धा घातल्या नाहीत. आज दादाचं नाव काढू नकोस, असं आईने मला खुणेनेच बजावलं.

आणि दारात दादा. अंगावर कामाचे कपडे, हाताला ग्रीस. सगळे दिवस सोडून नेमका आजच उगवला होता.

तो बाबांच्या शेजारी जाऊन बसला. मग बाबा पुटपुटले, "तुझंच खरं होतं. वाट लावली या लोकांनी."

याच वाक्यासाठी दादा आठ महिने अडून बसला होता.

"एवढे काही वाईट नाहीत हो, बाबा," तो म्हणाला. "सावरतील."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"खोटं बोलतोयस."

"हो," दादा म्हणाला.

बाबांनी टीव्ही बंद केला आणि आईला हाक मारली. "ऐकलंस का? दर रविवारी चोरून उन्हात घालतेस ना, ती याची गादी काढ."