किनवटला जाण्यासाठी शिवलेला कोट

हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन आठ वर्षं झाली होती, आणि आता ते राज्यच मोडून त्याचे तीन वाटे पडणार होते. छप्पन सालच्या दिवाळीच्या तोंडावर आदिलाबादच्या कचेरीत एकच विषय होता. किनवट तालुका मराठी मुलखात जाणार, आदिलाबाद तेलुगू मुलखात राहणार, आणि कोणत्या कारकुनाला कुठं पाठवायचं ते वाटपाचे साहेब ठरवणार. गोपाळराव पेशकारांना किनवटलाच जायचं होतं. त्यांची एकुलती लेक सुभद्रा तिथं दिली होती. जावई मागच्या साली तापानं गेला, आणि दोन लहान पोरं नि नवऱ्याची जमीन सांभाळत ती तिथं एकटीच राहत होती. 

साहेबांवर छाप पडली की काम झालं, असं त्यांचं अर्ध्या आयुष्याच्या नोकरीचं शहाणपण सांगत होतं. घरात निजामाच्या अमदानीतली काळी लोकरी शेरवानी होती. दिवसभर बसून उठलं तरी तिचं कापड आपोआप जागेवर यायचं. कोपराला फुगा नाही, पाठीला सुरकुती नाही. पण ती पडली निजामाची. ते राज्य गेल्याबरोबर कचेरीतल्या निम्म्या लोकांना आपण जन्मापासून देशभक्त असल्याचं आठवलं होतं. गोपाळरावांना ते आठवायला आठ वर्षं लागली, एवढंच.

साहेबांसमोर घालायच्या नव्या कोटाची खादी त्यांनी स्वतः निवडली. ते बेला गावच्या कापूसवाल्या घरातले. बाजारात कापूस पारखतात तशी त्यांनी ठाणाच्या काठाची सुतं चिमटीत धरली, उकलून ओढली, आणि तंतू लांब आहे असा निकाल दिला. कापूस उत्तमच होता. पण अंगात कापूस घालायचा नसतो, कापड घालायचं असतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. सूत कुठं जाड, कुठं बारीक, वीण कुठं घट्ट, कुठं सैल. वाकवलं की वाकलेलंच राहणारं ते कापड होतं.

त्यांच्या बायकोनं, रमाबाईंनी, ते हातात चुरगाळून सोडलं. घडी पडली ती उलगडेना.

"शेरवानीच घाला न," त्या म्हणाल्या. "अंगावर पडते कशी, पाहा. या कापडाले जीवच नाही."

तिला राजकारण कळत नाही, असं सांगून गोपाळरावांनी विषय संपवला.

उत्तमराव शिंप्यानं कोट शेरवानीच्याच मापावर, अगदी अंगाबरोबर शिवला. आत मिलच्या कापडाचं अस्तर लावलं. खादी आधी भिजवून घ्यावी लागते हे त्याला माहीत होतं. पण उत्तमराव खोटं कधी बोलत नसे, आणि सणासुदीला खरं सांगायलाही त्याला सवड नसे. कोटाला खळीचा वास येतो म्हणून रमाबाईंनी तो पाण्यातून काढला. खादी आटली. मिलच्या अस्तरानं आटायला साफ नकार दिला. बाह्या मनगटं सोडून वर गेल्या, छातीवर जागोजागी टेंगळं आली, आणि इस्त्री केली ती कचेरीच्या दारापर्यंतही टिकली नाही.

वाटपाच्या दिवशी माणिकराव कारकून आपल्या जुन्या शेरवानीतच आले. त्यांनी आदिलाबादेत नुकतंच घर बांधलं होतं, आणि त्यांना इथंच राहायचं होतं. साहेबांनी त्यांची ती झुळझुळीत शेरवानी वरपासून खालपर्यंत पाहिली, हा गडी जुन्या सरकारचा दिसतो, इथं नको, असं मनात धरलं, आणि त्यांना सरळ किनवटला पाठवून दिलं.

मग गोपाळराव आत गेले. त्यांचा अवतार पाहून साहेब खुर्चीतून उठले. एवढा चुरगळलेला कोट देशासाठी झिजलेल्या माणसाचाच असतो, अशी त्यांची खात्री असावी. जेलमध्ये किती दिवस होता, असं त्यांनी हिंदीत अदबीनं विचारलं.

एक दिवसही नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण छाप पडत होती, आणि पडणारी छाप कोण अडवतो? गोपाळरावांनी मान खाली घातली.

"देश के लिए किया, वो बताना क्या, साहेब."

साहेबांना भरून आलं. "ऐसे आदमी को हम जाने नहीं देंगे. आप यहीं रहेंगे."

 गोपाळरावांनी घाईघाईनं लेकीचं सगळं सांगितलं. साहेबांनी ते मन लावून ऐकलं, आणि तुम्ही एवढा त्याग केलात, आता देशासाठी हाही करालच, असं म्हणून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी रमाबाई किनवटला न्यायची भांडी पोत्यात भरत होत्या. गोपाळरावांनी काही न लपवता सांगितलं. त्या हातातलं पातेलं धरून तशाच बसल्या.

"मंग आताच जाऊन साहेबाले खरं सांगून या," त्या म्हणाल्या.

"आता सांगितलं तं नोकरी जाईन."

"जाऊ द्या न. पोरीपाशी तं जाता येईन."

 दुसऱ्या दिवशी गोपाळराव तोच कोट घालून वेळेवर कचेरीत गेले.