विलंबाचे कारण

सरांचा पेपर होता पाण्याच्या टाक्यांमधल्या शेवाळावर, आणि पाठवला कुठे, तर जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या जर्नलला! चौथ्या दिवशी तो परत आला. सर म्हणाले, "त्यांना झेपला नाही." मग दुसऱ्या नंबरचं जर्नल, मग तिसरं, मग चौथं. असे अकरा महिने गेले. घरी बायको विचारायची, "आलं का हो शेवाळ परत?"

खरं तर मेहनत सगळी विद्यार्थिनीची. टाक्यांवर चढून नमुने तिने गोळा केले. सरांनी आपलं नाव जोडलं. पेपर छापून आल्याशिवाय तिला पीएचडी मिळणार नव्हती, आणि पीएचडीशिवाय हातात आलेली प्राध्यापकाची नोकरी दोन महिन्यांत जाणार होती. तिने पहिल्याच दिवशी सुचवलं होतं, "सर, पाणीपुरवठ्यातले लोक वाचतात ना, त्या छोट्या जर्नलला देऊ या."

"अगं, तिथे कोणीही छापतं!" सर हसले होते.

आता सरांनी मुकाट्याने तिथेच पाठवला. संपादकबाईंचं लगेच उत्तर आलं. विषय अगदी आमचा आहे, पण पेपर तपासायला जाणकार मिळत नाहीत, सहा महिने तरी लागतील. शेवटी लिहिलं होतं, या विषयातले पेपर आम्ही तीन वर्षं आपल्याकडेच तपासायला पाठवत होतो, आपण एकदाही उत्तर दिलं नाही.

सरांनी ती पत्रं न उघडताच उडवली होती. "वा रे शहाण्या!" ते स्वतःलाच म्हणाले. आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला असता तर एक वेळ चाललं असतं, यांनी तो पोरीच्या पायावर पाडला होता. त्यांना मनापासून लाज वाटली.

विद्यार्थिनी मुदतवाढीचा अर्ज घेऊन आली. उशिरात तिची चूक नाही असं मार्गदर्शकाने लिहून दिलं आणि विद्यापीठाच्या पीएचडी समितीने मान्य केलं, तर नोकरी देणारं कॉलेज सहा महिने थांबायला तयार होतं. 'विलंबाचे कारण' या रकान्यात सर वर्षानुवर्षं 'तांत्रिक अडचणी' लिहीत आले होते. हात तिकडेच वळला.

"सर, मग ते मला विचारतील, अडचण कोणाची होती," ती हळूच म्हणाली.

सरांनी पेन थांबवलं, जरा डोकं खाजवलं आणि लिहून टाकलं.

समितीत प्रत्येक मार्गदर्शकाने आपला अर्ज उभं राहून वाचायचा असतो. समोर तेच सहकारी, ज्यांना सरांनी वर्षभर 'मोठ्या जर्नलला दिलाय' असं चहा पिता पिता ऐकवलं होतं. सर उठले. अर्ज समोर धरून त्यांनी वाचलं.

"विद्यार्थिनीने योग्य जर्नल पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला मिरवायचं होतं, म्हणून मी ऐकलं नाही."

मागच्या खुर्चीवरून गणिताचे प्राध्यापक म्हणाले, "नीट ऐकू आलं नाही हो, परत वाचा."

सरांनी दाराबाहेर उभ्या असलेल्या विद्यार्थिनीकडे पाहिलं आणि परत वाचलं, तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात.