सासूचं विरजण

पाळी जाऊन तीन वर्षं झाली आणि खाली आग सुरू झाली. लघवीला बसलं की मिरची लागल्यासारखं व्हायचं. वासही यायचा. नवऱ्याला, जागेश्वरला, सांगितलं, तर तो म्हणाला, "या उमरीत हा रोग कोठून आणला?" माझी खाट त्यानं गोठ्यात टाकली. म्हशीची कास धुवायच्या औषधाची बाटली हाती दिली. "रोज यानं धू. घाण गेली का ये घरात."

मीही मूर्ख. चार महिने धुतलं. जितकं धुतलं तितकं चिघळलं.

सासूनं दिलेलं विरजण मी तीस वर्षं संपू दिलं नव्हतं. तेही त्यानं काढून सुनेकडे दिलं. "तुह्या हातचं दही नाई खात मी." तेव्हा मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

सून रुपा मला गुपचूप मोहाडीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी बाटली दाखवली, तशी बाईंनी कपाळावर हात मारला.

"हा रोग कोणाकडून आला नाही. दही लावणारे जंतू असतात ना, त्यांचेच भाऊबंद तिथं राखण करतात. आंबटपणा ठेवतात, म्हणून वाईट जंतू टिकत नाहीत. पाळी गेली की त्यांचं खाणं आटतं, ते कमी होतात. उरलेसुरले तुम्ही या औषधानं मारले." त्यांनी मलम दिलं. "नुसत्या पाण्यानं धुवा. आणि तिथं दही लावायला जाऊ नका हं!"

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. "डाक्टरले काय समजते? तूनंच काई केलं असन," तो म्हणाला.

मी विरजणाची वाटी आणली आणि त्याच्या डोळ्यांदेखत तीत ते औषध ओतलं. "घ्या, घाण गेली. लावा आता दही."

"पागल झाली का? माह्या मायचं विरजण मारलं!"

"एवढंसं औषध पुरलं मराले. माह्या आंगाले तुमी चार महिने लावाले लावलं."

मी गोठ्यातली खाट ओढत घरात आणली.

शेजारच्या शकुनबाईकडून विरजण मागून मीच दही लावलं. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यानं मुकाट्यानं वाटी पुढे केली. मी दह्याचा गंज मागे ओढला.

"आधी सांगा, रोग कोठून आला?"

रुपा तिथंच उभी होती. ताटाकडे बघत तो म्हणाला, "कोठूनच नाई."

मी गंज त्याच्यापुढे सरकवला. "मंग घ्या. आपल्या हातानं."