दुसरी बाही

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या न्याहुरुरू गावच्या बाजारात कुणालाही विचारा, हसत हसत सांगतील. बावीस वर्षं गाथोनीने ही जीभ सहन केली आणि मी तिची चर्चमधली बेसूर गाणी.

शाळेचे स्वेटर विणायचं आमचं दुकान. मशीन एकच, दोघींचं मिळून. गाथोनी विणायची, मी तुकडे मोजून जोडायची. आमच्या गावात थंडी बारा महिने मुक्कामाला असते, त्यामुळे कामाला तोटा नव्हता.

मशीनवर कोनातून, म्हणजे धाग्याच्या शंकूसारख्या रिळातून, निघालेला धागा आधी तारेच्या डोळ्यातून जातो, मग दोन चकत्यांच्या चिमटीतून आणि मग गाडीत. गाडी सुयांवरून सरकली की एक ओळ पडते. धाग्याला सारखा ताण द्यायचं काम चकत्यांचं. आमच्या चकत्या नवव्या वर्षीच गंजून बसल्या. मी म्हटलं, नव्या आणू या.

"माझी बोटं कुठे गंजलीत?" गाथोनी म्हणाली.

तेव्हापासून ती उजव्या हाताने गाडी ढकलायची आणि डाव्या हाताच्या दोन बोटांत धागा धरायची. धागा जास्त आवळला तर टाके बारीक पडतात, कापड अरुंद आणि कडक होतं. सैल सोडला तर टाके मोठे, कापड पसरट, आणि चार धुण्यांत कोपराला झोळ. पण तिच्या बोटांतून तेरा वर्षं एकसारखं कापड उतरलं. पाठ आणि पुढा एकावर एक ठेवले तर सुतभर फरक नसायचा. मी तोंडावर कधी कौतुक केलं नाही. मला वाटायचं, डोक्यावर चढून बसेल.

गेल्या वर्षी जूनपासून पाठी रुंद यायला लागल्या. आधी अर्धं बोट, मग एक, मग दोन.

"अगं, स्वेटर विणतेस की तंबू?" मी टेप तिच्या नाकासमोर नाचवला.

"धागाच वाईट आलाय. निसरडा आहे."

मी कोन बदलला. दुसऱ्या दुकानातून धागा आणून पाहिला. तरी रडगाणं तेच. सप्टेंबरात एका शाळेच्या मोठ्या बाईंनी चौदा स्वेटर परत पाठवले. दोन धुण्यांत बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबल्या, असा निरोप. माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाईक उभं, शेजारचा बटाटेवाला कामाऊ कान टवकारून ऐकतोय, आणि मी सगळ्यांदेखत ओरडले, "हाताला लकवा भरलाय का गं तुझ्या?"

गाथोनी एरवी एकाला दोन ऐकवणारी बाई. त्या दिवशी तिने नुसता चहाचा पेला उचलला, तोही दोन्ही हातांनी. मला वाटलं, थंडी वाजत असेल.

पुढच्या आठवड्यात मी तिला न विचारता नव्या चकत्या बसवल्या. "आता कुणाचाही हात चालेल," असंही म्हणाले. कापड लगेच मापात आलं. मी खूश. गाथोनी मान खाली घालून नुसती गाडी ढकलत राहिली. ऑक्टोबर सरता सरता तिला गाडीही ढकलवेना.

नोव्हेंबरात तिचा मुलगा आणि मी तिला नाकुरूच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, औषध नाही. आधी हात जातात, मग पाय, मग श्वास. वहीत लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "पकड कधीपासून सुटायला लागली?"

मुलाला काही ठाऊक नव्हतं. तो माझ्याकडे बघायला लागला.

"जूनपासून," मी म्हटलं. "जूनमध्ये अर्धं बोट. ऑगस्टमध्ये दोन."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं. दर आठवड्याला टेप लावून मीच तर मोजत होते.

आमच्यात मुलाच्या पहिल्या मुलीला त्याच्या आईचं नाव देतात. तशी गाथोनीची नातही गाथोनी. धाकटी गाथोनी जानेवारीत शाळेत जाणार होती, आणि तिचा पहिला स्वेटर आजीच्याच हातचा असणार, हे म्हातारीने पोरीच्या बारशालाच जाहीर करून टाकलं होतं. पाठ, पुढा आणि एक बाही तिने ऑगस्टमध्येच विणून पिशवीत ठेवली होती. डिसेंबरात तिने मला बोलावलं. तोवर जीभही जड झाली होती. एकेक शब्द ओढून आणावा लागायचा.

"दुसरी बाही तू कर. सारखी कर हं. पोरीला हसायला नको कुणी."

त्यात काय एवढं, असं मला वाटलं. तेवढ्याच सुया, तेवढ्याच ओळी, मशीनवरचा टाक्याच्या मापाचा आकडाही तोच. बाही उतरली ती दोन बोटं अरुंद आणि तीन बोटं आखूड. चकत्या सैल केल्या. तरी अरुंदच. मग चकत्या काढून फेकल्या आणि गाथोनीसारखा धागा बोटांत धरला. माझा हात कामाचा, घट्ट धरायची सवय. पुन्हा अरुंद. चार वेळा उसवलं. शाळा उघडायला पाच दिवस राहिले होते.

पाचव्या वेळी बोटं सैल केली. अजून सैल. टाका तिच्या टाक्याएवढा पडेपर्यंत सोडत गेले, आणि तो पडला तेव्हा माझी बोटं जवळजवळ उघडीच होती. धागा आपला आपणच चालला होता, मी त्याला नुसती शिवत होते.

मी थांबले. भर दुपारी, हात तसाच हवेत. ऑगस्टमध्ये तिच्या हातात एवढंच उरलं होतं. एवढ्यावर ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायची, ओळीमागून ओळ पाडायची, आणि मी तंबू म्हणायची. निसरडा आहे, म्हणाली होती. त्या बोटांना काय निसरडं लागलं नसेल! मी असा हंबरडा फोडला की कामाऊ बटाटे टाकून धावत आला.

मग डोळे पुसले आणि उरलेल्या ओळी तशाच, उघड्या बोटांनी विणल्या.

रविवारी चर्च सुटल्यावर स्वेटर जोडून तिच्या घरी नेला. तिची बोटं पांघरुणावर नुसती पडून होती. म्हणून मी एक बाही तिच्या उजव्या गालावरून फिरवली, एक डाव्या. वाटेत माफीचं सगळं पाठ करून आले होते.

तिने डोळे मिटले.

"दोन्ही ढिल्या," ती म्हणाली.

"हो गं."

"परत... पाठवतील."

"पाठवू देत. गाथोनी, माझं चुकलं गं. मला कळायला हवं होतं..." पुढचं पाठ केलेलं काही आठवेना.

तिने डोळे उघडले. ओठांचा एक कोपरा हलला. तेवढाच हलायचा आता.

"तुझ्या हाताला पण... लकवा भरला का गं?"

"हो," मी म्हटलं. "भरला."

आणि तिच्या गालावरची बाही मी तशीच धरून बसले.