हॉलची पानगळ

“आणि पानगळ कधी?” ताईंनी विचारलं.

धाकट्या मालकांचा हात भिंतीवरच्या तक्त्यावर तसाच राहिला. तक्त्यावर भलंमोठं रंगीत वर्तुळ होतं. कुठल्याशा शिबिरातून ते ही नवी विद्या शिकून आले होते आणि तासाभरापासून हॉलच्या माणसांना समजावत होते की समारंभ म्हणजे जणू एक वर्षच. हिवाळ्यात आखणी करायची, वसंतात पेरायचं, उन्हाळाभर निगा राखायची आणि कार्यक्रमाचा दिवस म्हणजे सुगी. निसर्गाचं वेळापत्रक चुकत नाही, तसं आपलंही चुकता कामा नये.

“पानगळ म्हणजे...” धाकट्या मालकांनी वर्तुळावरून बोट फिरवलं. “कार्यक्रम संपला की आवराआवर करतो ना आपण? तीच पानगळ.”

“ती होय? ती तर आम्ही पुढच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडता मांडताच उरकतो,” भांडी घासणाऱ्या वहिनी म्हणाल्या.

पैलवान फिसकन हसला. हे नाव त्याला चेष्टेनं पडलं होतं. अंगानं काडी, पण खुर्च्यांची उंच चळत एका दमात उचलून हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला न्यायचा.

त्या हॉलचं बुकिंग आणि मांडणी, दोन्ही ताईंकडे होतं, तेही थोरल्या मालकांच्या काळापासून. तेव्हा हॉल मध्येच काही दिवस बंद असायचा. पडदे धुतले जायचे, भिंतींना रंग लागायचा, माणसं आपापल्या घरी जाऊन चार दिवस लोळायची. थोरले गेले आणि ते सगळं थांबलं. रिकामा हॉल म्हणजे खायला काळ, असं धाकट्यांचं म्हणणं. लग्नावर वाढदिवस, वाढदिवसावर कुणाचा निरोपसमारंभ. ताईंनी पोटच्या मुलीचं लग्नही याच हॉलमध्ये लावलं होतं, कारण दुसरीकडे जायला सुट्टी मिळाली नसती. मुलीची पाठवणी चालू असताना त्या कोपऱ्यातला गेलेला दिवा बदलून घेत होत्या. जावयाकडच्या एका पाहुणीनं त्यांना हॉलची बाई समजून पाणी मागितलं होतं. ताईंनी आणून दिलं होतं.

तक्ता लागला त्याच आठवड्यात, भर दुपारी, दिव्यांच्या माळा चढवताना पैलवान शिडीवरून पडला. पाय घसरला नव्हता की चक्कर आली नव्हती. उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला होता. धाकट्या मालकांनी स्वतःच्या गाडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं, हाताला आणि खांद्याला प्लास्टर होईस्तोवर बसून राहिले. त्यात त्यांनी काही कसूर केली नाही. पण परत आल्या आल्या म्हणाले, “ताई, उद्यासाठी दुसरा माणूस बघा. वाढदिवस आहे ना उद्या.”

ताईंनी माणूस बघितला नाही. दुसऱ्या दिवशीच्या खुर्च्या त्यांनी आणि वहिनींनी मिळून ओढल्या. लोकांना दिलेला शब्द मोडायचा नव्हता. मात्र त्यानंतर पुढच्या महिन्यातल्या मोकळ्या आठवड्यासाठी फोन आला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “नाही जमणार. हॉल बंद आहे.”

“का हो? दुरुस्ती काढलीय का?”

“नाही. पानगळ आहे.”

पलीकडच्या माणसाला वाटलं, चुकीचा नंबर लागला.

घरी ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला सांगितली. तो हातातली कात्री ठेवून बघत राहिला. शिवणकाम करणारा माणूस, मोजून मापून बोलायचा. “अगं, हाकलतील तुला.”

“हाकलू देत.”

“मग करशील काय?”

“झोपेन.”

“तुला येईल का झोपता? सवय मोडली असेल,” तो म्हणाला, आणि दोघंही हसत सुटले.

फोन येत राहिले, ताई परतवत राहिल्या. त्यातला एक निघाला मालकांच्या मेव्हण्याचा. दुसऱ्या दिवशी धाकटे मालक ताडताड पावलं टाकत आले.

“ताई, कुणाच्या परवानगीनं?”

“तुमच्याच. तक्त्यावर तुम्हीच लिहिलंय, निसर्गासारखं चालायचं. वर्षभर ज्याचं पान गळत नाही, ते झाड प्लास्टिकचं असतं मालक. आम्ही नाही.”

“ते उदाहरण होतं!”

“पैलवान खरा पडला पण.”

“मला काय हौस आहे? पलीकडच्या रस्त्यावर नवा हॉल उघडलाय. एक आठवडा बंद ठेवला तर माणसं तिकडे वळतील. मी जीव तोडून राबतोय इथं.”

ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, सदऱ्याचं बटण एक घर चुकलं होतं. “तू शेवटचा कधी झोपलास रे?” त्यांच्या तोंडून निघून गेलं. अर्ध्या चड्डीतल्या त्याला त्यांनी याच हॉलमध्ये टेबलांखालून बाहेर ओढलं होतं.

क्षणभर वाटलं, तो खुर्ची ओढून बसेल. पण त्याला तो ‘तू’ झोंबला.

“उद्यापासून येऊ नका,” तो म्हणाला.

“येत नाही,” ताई म्हणाल्या. “पण तो आठवडा मी रिकामाच ठेवून चाललेय, आणि या वहिनीही त्यात राबायच्या नाहीत.”

वहिनी ओल्या हातांनी दारात उभ्याच होत्या. “मी बहिणीकडे चाललेय,” त्या म्हणाल्या. “तिला कळवलंसुद्धा.”

ताईंनी पर्स उचलली. कुणाला सलाम नाही, कुणाची मनधरणी नाही. पायऱ्या उतरताना मान ताठ होती.

नवीन माणसं काही मिळाली नाहीत. त्या आठवड्यात हॉलच्या फाटकावर ‘देखभालीसाठी बंद’ अशी पाटी लागली. अक्षर धाकट्या मालकांचं होतं. ताईंना मात्र परत बोलावणं आलं नाही.

पाटीची बातमी सांगायला त्या सकाळी उशिरा पैलवानाच्या घरी गेल्या. दार उघडंच होतं. त्याची बायको बोटानं ‘हळू’ म्हणत बाहेर आली.

“झोपलाय?”

“अजून उठलाच नाही. उठवू?”

“छे. मुळीच नको.”

बायकोनं चहा आणला. दोघी उंबऱ्यात बसल्या, उन्हात पाय सोडून. आतून पैलवानाच्या घोरण्याचा आवाज येत होता, मोठा, बेपर्वा. गल्लीतून कुणीतरी त्याला हाक मारत आलं. ताईंनी कप खाली ठेवला आणि उठून दार हलकेच ओढून घेतलं.