रुपयाची पारख

बापूसो मगदूम म्हणजे नाण्यातला देवमाणूस, असं अख्खी गुजरी म्हणायची. आणि गुजरी उगंच कुणाला चांगलं म्हणत नाही.

सोन्याचांदीच्या त्या गल्लीत एका पेढीच्या पायरीलगत बापूसोंचं, म्हणजे सगळ्यांच्या अण्णांचं, टेबल असायचं. टेबलावर भिंग, दिवा आणि मखमलीचा एक तुकडा. मोबाईलवर कुणीतरी 'पाचच्या नाण्याला पाच लाख' म्हणून बोंब मारायचा, की दुसऱ्या दिवशी पार राधानगरीपासून माणसं पिशव्या घेऊन हजर! अण्णा नाणं उलटंपालटं करायचे आणि सालाखालची बारीक खूण बघायचे. कुठं चौकट, कुठं चांदणी, कुठं ठिपका, कुठं काहीच नाही. त्या खुणेवरनं नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं ते कळतं. साल एकच, रुपडं एकच. पण एका टांकसाळीचं नाणं पोत्यानं मिळतं आणि दुसरीचं दिवा घेऊन हिंडलं तरी गावत नाही. किंमत सगळी त्यात.

"पोरांना गोळ्या आण जा ह्याच्या," असं अण्णा बहुतेकांना तोंडावर सांगायचे. माणसं तोंड वाकडं करून जायची. पण एखाद्याकडं खरंच दुर्मिळ नग निघाला, तर त्याला बसवून चहा पाजायचे आणि खरी किंमत सांगायचे. ते नाणं स्वतःला कितीही हवं असलं तरी!

असल्या माणसाचं डोकं देवानं पुसायला घेतलं. काय म्हणावं त्याला?

आधी नावं गेली, मग वाटा गेल्या. जैन रिवाजानं दिवस मावळल्यावर जन्मात कधी घास न घेतलेला हा माणूस अंधार पडला की ताट मागायला लागला. बायको पद्मावती जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि हे रोज विचारायचे, "बस्तीतनं दर्शन करून आली का न्हाय ती अजून?" सुरुवातीला मुलानं, सम्मेदनं, खरं सांगून बघितलं. अण्णा दर वेळी नव्यानं रडायचे, जणू आत्ताच कुणी निरोप आणलाय. मग सम्मेद "येईलच की" म्हणायला शिकला.

एका गोष्टीचा मात्र त्याला आधार होता. अण्णा माणसं विसरले, पण नाणी विसरले नव्हते. शिरोलीच्या फौंड्रीत कामाला जायच्या आधी तो रोज अण्णांनी जन्मभर जमवलेल्या नाण्यांचा अल्बम उघडायचा, एक नाणं काढून त्यांच्या तळहातावर ठेवायचा. "मुंबईचं. चौकट बघ खाली," अण्णा म्हणायचे. वर किंमत सांगायचे, कुठून मिळवलं तेही सांगायचे. डॉक्टर काही म्हणोत, सम्मेदचा हिशेब सरळ होता. जोवर अण्णांना नाणं कळतंय तोवर अण्णा आत कुठंतरी आहेत. ज्या दिवशी ते कळेनासं होईल, त्या दिवशी बाप गेला म्हणायचं.

आणि खरं सांगायचं तर सम्मेदला या नाण्यांचा जन्मभर राग होता. अण्णांना कुठल्या सालचा रुपया कुठं पडला ते पाठ होतं. पोरगा कितवीत आहे ते विचारावं लागायचं. आता त्याच नाण्यांच्या दारात तो रोज सकाळी भिकाऱ्यासारखा उभा राहत होता.

त्या सकाळीही अण्णांनी "हैदराबादचं" म्हणून बरोबर सांगितलं. सम्मेद खुशीत आला. तेवढ्यात त्याची बायको आदिती चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "अहो, रोज तीच पहिल्या पानावरची नाणी दाखवताय. पोपटबी पाठ करंल."

सम्मेदचं टाळकंच सरकलं. "तुला काय कळतंय गं? थांब, दाखवतो!" म्हणून त्यानं अल्बमचं मागचं पान उघडलं.

पान रिकामं होतं. त्याच्या आधीचंही रिकामं. प्लास्टिकचे कप्पे कात्रीनं कापलेले, आणि आत काही नाही. पहिली दोन पानं सोडली तर सगळा अल्बम साफ.

"घरात कोण आलंतं?" तो ओरडला.

"कोण येतंय?" आदिती पांढरीफटक पडली. "अण्णा तेवढं मंडईत जात्यात रोज, कोथिंबीर आणायला. वाट चुकत न्हाईत तेवढी, म्हणून मीच जाऊ देते." मग तिचंच तिला काहीतरी लक्षात आलं. "पण मी त्यांच्याकडं कधी पैसे दिलेच न्हाईत हो. भाजीवाली आक्का उधार देत असंल म्हटलं."

सम्मेद तसाच कपिलतीर्थ मंडईत धावला. आधी मनात पैशाचंच आलं, खोटं कशाला बोला. पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं त्या अल्बमचा अंदाज सांगितला होता, त्यात उचगावला दोन गुंठं आलं असतं.

पालेभाजी विकणारी आक्का उचगावचीच. सम्मेदनं धापा टाकतच तिला विचारलं, "अण्णा... पैसे काय देतात तुम्हाला?"

"सुट्टं देत्यात की!" आक्का तोंडभर हसली. "लई बरं वाटतंय बघा. आता सगळी त्या फोनवर टिंग करून देत्यात, सुट्टं न्हाय कुणाकडं. अण्णा मातूर रोज नाणी मोजून देत्यात. वर म्हणत्यात, नीट बघून घे आक्का, खोटा न्हाय."

"कुठं हायत ती?"

"म्हंजे? गिऱ्हाइकांना परत द्याला लागत्यात की. कुणी कागलला न्हेली, कुणी जयसिंगपूरला. त्यात काय झालं?" सम्मेदचं तोंड बघून तिचं हसू मावळलं. तिनं डबा त्याच्यापुढं उपडा केला. "ह्यो एक ऱ्हायलाय बघा. आज सकाळचा."

सम्मेदला नाण्यातलं फारसं काही कळत नव्हतं, पण हा रुपया त्याला ओळखू आला. जयसिंगपूरच्या बाजारात शेंगदाण्याच्या गाडीवर अण्णांना तो सुट्ट्या पैशांत मिळाला होता, आणि त्या दिवशी अण्णांनी घरी येऊन पद्मावतीला चक्क मिठी मारली होती, पोरासमोर. घरात असलं काही कधी झालं नव्हतं. सालाखाली ती चांदणी अजून तशीच होती.

आक्काला काय बोलणार? तिचा काय दोष? सम्मेदनं तिला दहाची नोट दिली आणि रुपया मुठीत धरून घराकडं निघाला. वाटेत गुंठे-बिंठे सगळं मनातनं गेलं. जाऊ दे, म्हणाला, आग लागू दे पैशाला. हे एक नाणं अण्णांना ओळखू दे. पहिल्या पानावरचं हे नव्हतं, पाठ करून सांगण्यातलं नव्हतं. एवढं ओळखलं तर बाकीचं गेलं ते गेलं.

अण्णा खिडकीपाशी कोथिंबीर निवडत बसले होते. सम्मेदनं चपलाही काढल्या नाहीत. त्यांच्या तळहातावर नाणं ठेवलं. "अण्णा, हे बघा."

अण्णांनी नाणं उजेडाकडं धरलं. कडेवरनं अंगठा फिरवला, अगदी पूर्वीसारखा. सम्मेद मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हणायला लागला.

"रुपया हाय," अण्णा म्हणाले.

"कुठला? सालाखालची खूण बघा. टांकसाळ कुठली?"

"रुपया हाय की."

"किंमत सांगा त्याची."

अण्णांना हसू आलं. "रुपयाची किंमत काय असणार? रुपया."

"अण्णा, नीट बघा की हो! चांदणी हाय खाली! तुम्हीच आणलंय हे, आईला दाखवलंतं!" सम्मेदचा आवाज फाटला. आदिती स्वयंपाकघरातनं धावत बाहेर आली.

अण्णा बावरले. आरडाओरडा ऐकून कोपऱ्यात सरकावं तसे सरकले. मग सदरा सारखा करून नीट बसले, नाणं अलगद सम्मेदच्या हातात परत ठेवलं आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "पावणं, रागावू नका. मला त्यातलं काय कळत न्हाय. गुजरीत बापूसो मगदूम म्हणून हायत, त्यास्नी दाखवा. लई जाणकार माणूस. खरं काय ते सांगतील."

सम्मेद मटकन खाली बसला. बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकून तो ढसाढसा रडला. फौंड्रीत पन्नास माणसांवर ओरडणारा गडी, लहान पोरासारखा रडला. अण्णांना काय करावं कळेना. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला आणि दारात उभ्या आदितीला हळूच म्हणाले, "बाई, पावण्यास्नी पाणी द्या. लांबनं आल्यात वाटतं."