ओढ गेली, त्यानंतर

गोळी नैराश्यावरची होती आणि मी निराश नव्हतो, म्हणून पहिला राग डॉक्टरांवरच आला. त्यांनी शांतपणे समजावलं की, नको नको म्हणत असताना मला लॉजच्या पायऱ्या चढायला लावणारी ही ओढ काही जणांत याच औषधाने मंदावते. हा इलाज आहे, शिक्षा नाही. उज्वला शेजारच्या खुर्चीत पदर घट्ट धरून बसली होती. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, पुन्हा एकदा जरी त्या बायांकडे गेलात, तर मी आपल्या लेकीला, आरोहीला घेऊन नामपूरला माहेरी जाईन. मग न्यायला येऊ नका."

ओढ खरोखर गेली. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, जिथे माझी नोकरी आहे, एखादा संच बंद पडला की कान एकदम मोकळे होतात, तसं डोक्यात झालं. कामावरून मी सरळ घरी येऊ लागलो, भाज्या निवडू लागलो. राग तेवढा उरला. तो कुणावर होता, ते मला सांगता आलं नसतं.

मग सुट्टीच्या दिवशी नाशिकरोडच्या बाजारात लॉजवरचा मल्हारी भेटला. कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता म्हणाला, "काय कुंदनभाऊ, परवा दुपारी लय घाईत व्हते. चहा सांगितला, तर तसेच निघून गेले."

"परवा दुपारी मी कामावर होतो."

"आसंल," त्याने डोळा मिचकावला. "आमच्याकडं येणारे समदे कामावरच असतात."

मी त्याची कॉलर धरली. जुडी चिखलात पडली आणि भाजीवालीने आम्हा दोघांचा उद्धार केला. मल्हारी आता हसत नव्हता.

"मंग तुमचाच निळा शर्ट घालून, तुमच्याच आवाजात माझ्या पोरीची परीक्षा कशी गेली ते कोण इचारतं, भाऊ?"

हे दुसऱ्या कुणाकडून उज्वलाच्या कानावर जाण्याआधी आपणच सांगावं, म्हणून मी ताडताड घरी आलो. उज्वला कणीक मळत होती. मी सांगत गेलो आणि तिचा चेहरा उतरण्याची वाट पाहत राहिलो; तो उतरलाच नाही.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तिकडून तो इथेच येतो. तुम्ही कामावर असता तेव्हा."

"कोण येतो?"

"आधी मीही भांडले." तिने कणकेवर पाणी शिंपडलं. "पण तो हसतो तरी. माझ्याकडे बघतो. गोळी सुरू झाल्यापासून तुम्ही बघता ते पहारेकऱ्यासारखं."

"आणि नामपूर?"

"मी कशाला जाऊ?"

जे घर वाचावं म्हणून मी स्वतःतलं काहीतरी मारून टाकलं होतं, त्याच घरात ते मेलेलं खुशाल बसून जेवत होतं. मी चपला पायांत सरकवल्या आणि उंबऱ्यातून म्हणालो, "जातो मी."

आमच्या घरात निघताना असं कुणी म्हणत नाही. भांडणातही तो शब्द तोंडून निघाला, तर उज्वला हातातलं काम टाकून मला अडवायची आणि बदलायला लावायची. आज ती मान खाली घालून कणीक मळत राहिली.

आतल्या खोलीतून, माझ्याच आवाजात, कुणीतरी मायेने म्हणालं, "अरे, येतो म्हणावं."